माझ्या नाकाचं निसर्गप्रेम

मी रडलो नव्हतो. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता ते माझं मलाच खोटं वाटायला लागलंय. तरीही एकदा लेखी सांगून टाकतो. मिदोरिगाओका वसाहतीच्या सभागृहात 'चालतं अरण्य' हा चित्रपट पाहताना माझ्या डोळ्यांतून जे वाहिलं, ते अश्रू नव्हते. नाकातून जे वाहिलं, त्याबद्दल तर कोणाच्या मनात शंका यायला नको होती. पण लोकांनी त्यातही भावना पाहिल्या.

मिदोरिगाओका म्हणजे हिरवी टेकडी. इथे पूर्वी टेकडी होती. ती सपाट करून वसाहत बांधली आणि टेकडीच्या स्मरणार्थ तिचं नाव वसाहतीला दिलं. टेकडीचा मागचा एक तुकडा तेवढा कापायचा राहिला आणि त्याच्यावर देवदार उभे आहेत. युद्धानंतर सरकारने साऱ्या देशाला देवदार लावायला सांगितलं होतं, त्यातलेच हे. शाळेच्या मैदानावर कवायतीला उभे केल्यासारखे एका रांगेत. घरांना खांब मिळावेत म्हणून लावले होते. ते मोठे होईपर्यंत परदेशातलं लाकूड स्वस्त झालं आणि यांना कोणी विचारेना. तेव्हापासून ते नुसते उभे आहेत आणि दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल आमच्यावर पिवळे पराग सोडून त्या अपमानाचा सूड घेतात.

त्या दिवसांत देश शिंकत असतो. बातम्यांमध्ये हवामानानंतर परागांचा अंदाज सांगतात आणि निवेदिका तो अशा चेहऱ्याने सांगते, की शेजारच्या राष्ट्राने सैन्य हलवलंय की काय असं वाटावं. सगळे मास्क लावून फिरतात. काही लोक दही खातात, काही कमळाचे कंद उकळून पितात. माझं नाक या बाबतीत बाकीच्या देशाच्या पुष्कळ पुढे आहे. औषधाच्या दुकानातली बाई मला पाहिल्यावर 'काय हवंय' असं विचारत नाही. 'किती' असं विचारते.

म्हणून मी ते देवदार काढून टाकायचं काम अंगावर घेतलं होतं. नगरपालिकेची तशी योजना आहे. झाडं त्यांनीच तोडायची, त्यांच्या जागी पराग न सोडणारी सभ्य जातीची रोपं लावायची. अट एकच. ती झाडं वसाहतीच्या सामाईक मालकीची असल्यामुळे वसाहतीचं एकमत हवं.

एकमत म्हणजे मतदान नव्हे. मतदान केलं की कोण विरोधात आहे ते सगळ्यांना दिसतं, आणि मग त्या माणसाला रोज सकाळी कचरा टाकताना भेटावं लागतं. एकमत करायचं ते सभेच्या आधी, घरोघरी जाऊन, दारात उभं राहून. सारा हिवाळा मी तांदळाच्या कुरकुरीत वड्यांचे डबे घेऊन फिरलो. पहिल्या फेरीला लोक म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे." म्हणजे नाही. दुसऱ्या फेरीला म्हणाले, "जरा अवघड आहे." म्हणजे मुळीच नाही. तिसऱ्या फेरीला मी मोठे डबे नेले, तेव्हा म्हणाले, "बघू या." ते ऐकून मी घरी येऊन बायकोला मिठीच मारणार होतो, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी चहा मागितला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सभा होती. तोपर्यंत कोणी काही बोलायचं नाही, नुसतं थांबायचं, एवढंच काम उरलं होतं. आणि नेमकी त्याच महिन्यात सांस्कृतिक कार्यक्रमाची पाळी माझ्याकडे आली.

आमच्याकडे ही पाळी घराच्या क्रमाने फिरते. तिच्यातून फक्त मृत्यू सुटका करतो, आणि तोही विधवेची नाही. चित्रपट दाखवायचा असं ठरलं होतं. कोणता, हे अध्यक्षा निशिवाकीबाईंनी ठरवलं होतं. "निसर्ग आणि माणूस यांच्यावर आहे, कुनिएदासान. अॅनिमेशनचा आहे, त्यामुळे कोणाला त्रास होणार नाही." त्यांनीही तो पाहिला नव्हता. समित्या चित्रपट पाहून निवडायला लागल्या तर कधीच कोणाला काही दाखवता येणार नाही.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. सभागृह भरल्यावर रखवालदाराने टेकडीकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. हवा खेळती ठेवण्याचा नियम आहे म्हणाला. मी विचारलं, हवेत काय आहे ते बघून नियम केलाय का? तो म्हणाला, नियम भिंतीवर लावलाय, वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे मी प्रास्ताविकाला उभा राहिल्यावर निशिवाकीबाई हळूच म्हणाल्या, "मास्क काढा ना. फोटो काढायचाय. तोंड झाकून स्वागत कसं करणार?" मी मास्क काढून व्यासपीठावरच्या मेजावर ठेवला. प्रास्ताविक करून जागेवर येऊन बसलो आणि लगेच दिवे मालवले. आता मास्क आणायचा तर पडद्यासमोरून जावं लागणार. आमच्या वसाहतीत माणूस मरून पडला तरी पडद्यासमोरून कोणी जात नाही. वाकून, मागच्या बाजूने जातात. आणि मागच्या बाजूने व्यासपीठाला वाटच नव्हती.

चित्रपटाची गोष्ट अशी. एक गाव अरण्य तोडत असतं. एके दिवशी अरण्याला कंटाळा येतो आणि ते उठून चालायला लागतं. किमोनोचा घोळ सावरावा तशी मुळं उचलून देवदार निघतात. त्यांच्या मागे एक मुलगी धावते, कारण अशा चित्रपटांतल्या मोठ्या माणसांना धावायला वेळ नसतो. शेवटी सर्वांत म्हातारा देवदार माणसांना क्षमा करतो. क्षमा करण्याची त्याची रीत अशी, की तो आपला शेंडा जोरात हलवतो आणि साऱ्या गावावर सोन्याची धूळ पडायला लागते. गावकरी माना वर करतात, डोळे मिटतात आणि ती धूळ छाती भरभरून आत घेतात. मागे व्हायोलिन.

सभागृहात लोक हुंदके देत होते. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तो क्षमेचा प्रसंग आहे हे मला नंतर कळलं. मला तो भयपट वाटला. एक संपूर्ण गाव, बायकामुलांसह, मास्कशिवाय! आणि जे पडद्यावर चाललं होतं तेच माझ्या उजव्या हाताच्या खिडकीतून आत येत होतं. शिंक आली तर ती व्हायोलिनच्या वर ऐकू जाणार, म्हणून मी ती गिळली. दुसरी गिळली. गिळलेल्या शिंका कुठे जातात याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला पाहिजे. माझ्या शिंका डोळ्यांतून बाहेर पडल्या.

दिवे लागल्यावर मतं सांगण्याचा कार्यक्रम. हाही ठरलेलाच असतो. ध्वनिक्षेपक हातोहात फिरतो आणि प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. मात्र ते आधीच्यापेक्षा वेगळं असता कामा नये. सुरुवात वयाने ज्येष्ठ म्हणून माझे शेजारी शिओझाकीसान यांनी केली. पडद्यावर सुरुवातीची नावं यायला लागली तेव्हाच त्यांचा डोळा लागला होता. ते म्हणाले, "फार शांत चित्रपट आहे. असे आता निघत नाहीत." बँकेतून निवृत्त झालेले कुराशिगेसान म्हणाले, "माणूस आणि निसर्ग, दोघांनी एकमेकांच्या अडचणी समजून घेतल्या पाहिजेत." कर्जदारांशी ते याच आवाजात बोलत असावेत. एक बाई म्हणाल्या, संगीत छान होतं. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाई म्हणाल्या, कुत्र्याला काम कमी दिलंय. नव्याने राहायला आलेला एक तरुण म्हणाला, "शेवट पटला नाही, क्षमा फार लवकर केली." सगळी वसाहत त्याच्याकडे वळून बघायला लागली. मग तो म्हणाला, "पण विचार करायला लावणारा आहे." आणि लोकांनी माना परत जागेवर नेल्या. पुढचे सगळे 'विचार करायला लावणारा' असंच म्हणाले. कोणता विचार, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

मग ध्वनिक्षेपक माझ्याकडे आला.

मी उभा राहिलो. माझे डोळे सुजले होते, गालावरून पाणी वाहत होतं, घसा बंद झाला होता आणि नाकाविषयी मी आधीच बोललो आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की चित्रपट बरा आहे, चहा मागच्या बाजूला आहे. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. सभागृह इतकं शांत झालं की खिडकीबाहेर देवदारांची सळसळ ऐकू आली. ती ऐकून माझे डोळे आणखी भरले. शेवटी मी हात जोडून खाली बसलो आणि रुमालात तोंड खुपसलं.

आधी कोणीतरी एक टाळी वाजवली. मग सारं सभागृह उठून उभं राहिलं.

"आजवर या सभागृहात इतकी मतं ऐकली," निशिवाकीबाई ओल्या आवाजात म्हणाल्या, "पण असं मत कोणी दिलं नाही."

हे सगळं आमच्या भागातल्या केबल वाहिनीवर आलं; त्यांची बातमीदार मुलगी कॅमेरा घेऊन मागे उभी होती. त्यांच्याकडे त्या आठवड्यात दुसरी बातमी नव्हती. कुंपण फोडून पळालेलं एक डुक्करही त्यांना परगावच्या वाहिनीकडून उसनं घ्यावं लागलं होतं. माझा सुजलेला चेहरा पडदाभर दाखवून खाली लिहिलं होतं : 'अरण्यासाठी रडलेला माणूस'. कार्यालयात आम्ही लाकडासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा भिंतीचा कागद बनवतो. विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुझा फोटो नव्या नमुन्यांच्या पुस्तकावर टाकू या का? अस्सल वाटेल."

घरी त्याहून कठीण प्रकार होता. इकुए, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे बघत होती. म्हणजे आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात तिने मला पाहिलेलंच होतं. पण असं थांबून पाहिलं नव्हतं. जेवायला माझ्या आवडीचं तळलेलं डुकराचं मांस. दुसऱ्या दिवशी कोवळ्या बांबूचा भात. वारही कुठला खास नव्हता.

"अहो," वाढता वाढता ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला आत काही नाहीच."

"कशाच्या आत?"

"तुमच्या."

आता या ठिकाणी सत्य सांगायचं होतं. मला ते कळत होतं. पण भात गरम होता, तिने स्वतः बांबू सोलला होता, आणि ती मला 'अजून घ्या' म्हणत होती. मी अजून घेतला. संसारात खरं बोलायची वेळ नेहमी वाढपाच्या मधोमध येते.

तिसऱ्या दिवशी निशिवाकीबाईंचा फोन आला. "कुनिएदासान, काळजी करू नका. झाडं तोडायचा विषय आपण सोडून देतोय. तुमच्यासाठी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण तो विषय तर मीच आणलाय!"

"म्हणून तर तुमचं कौतुक. माणूस बदलतो."

"मी बदललेलो नाही."

"ते लोकांना ठरवू द्या," त्या प्रेमाने म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग घरोघरच्या फेऱ्या उलट्या दिशेने सुरू झाल्या. लोक माझ्या दारात यायला लागले, आणि येताना डबे आणायला लागले. कुराशिगेसान डोळ्यांना चष्म्यासारखं झाकण आणि त्याखाली दोन मास्क लावून आले. आतून कुठूनतरी आवाज आला, "खरं सांगायचं तर मी तोडण्याच्या बाजूचा. गेले तीन आठवडे मला सूपची चव लागत नाही. पण तुमच्या भावना..."

"अहो, मला काही भावना नाहीत!"

"स्वतःला इतकं कमी लेखू नका," असं म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला, वाकल्याबरोबर शिंकले, त्याबद्दल क्षमा मागायला पुन्हा वाकले आणि पुन्हा शिंकले. असं ते फाटकापर्यंत गेले.

कुत्रावाल्या बाई येऊन सांगून गेल्या की त्यांचा कुत्रासुद्धा शिंकतो, पण तो माझा मान राखेल. शिओझाकीसान कुंपणावरून बोलले. त्यांनी आयुष्यभर जमिनींची दलाली केली आणि ते मला अरे-तुरे करतात. "हे बघ कुनिएदा, रडायचं असेल तर अधूनमधून रड. रोज रडलास तर किंमत राहत नाही."

"मी रडलो नाही, शिओझाकीसान. तुम्हाला तरी पटतंय का?"

"मला कशाला पटायला हवं? ती झाडं माझ्या वडिलांनी लावलीत. खांबाला विकून श्रीमंत व्हायचं होतं त्यांना. न खपलेला माल आहे तो नुसता! मी लहानपणापासून बघतोय. लोक त्याला अरण्य म्हणायला लागले की मला हसू येतं."

"मग हे सभेत सांगा ना!"

"सभेत?" ते कुंपणावरून एक पाऊल मागे सरले. "सभेत कसं सांगणार? लोक म्हणतील, बापाला धंदा जमला नाही."

थोडक्यात परिस्थिती अशी होती. वसाहतीत एकाही माणसाला ते देवदार नको होते. प्रत्येकाने मला तसं खासगीत सांगितलं होतं. आणि माझं मन दुखावू नये म्हणून ते सगळे एकमताने ते देवदार ठेवणार होते. इतकं शुद्ध एकमत वसाहतीच्या इतिहासात झालं नव्हतं.

मी नगरपालिकेत गेलो. झाडांच्या विभागात मोगामी नावाचा एक अत्यंत विनम्र अधिकारी बसतो. मी म्हटलं, योजना चालू ठेवा. तो उभा राहिला, वाकला आणि म्हणाला, "आपल्या हरकतीमुळे थांबवावी लागली."

"मी हरकत घेतलेली नाही."

"हरकत नव्हे, बरोबर आहे. भावना. अध्यक्षाबाईंनी आपल्या भावना कळवल्या आहेत."

"मग मी त्या मागे घेतो."

त्याने संगणकात पाहिलं, मग कपाटात पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी कुजबुजला. तोही उभा राहून वाकला. "हरकत मागे घेता येते," मोगामी म्हणाला. "भावना मागे घेण्याची तरतूद नाही. सभेचं एकमत आणलंत तरच काही करता येईल. तेही एकतीस मार्चच्या आत झाडं पडली पाहिजेत. वर्ष संपलं की मंजूर पैसा परत जातो, आणि परत गेलेला पैसा पुन्हा आलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वाहिनीवर पाहिलं. मलाही रडू आलं."

"चित्रपट पाहून?"

"नाही. तुम्हाला पाहून."

त्या रस्त्याने परत येताना मी ठरवलं, सभेत उभं राहून सरळ सांगायचं. झाडं जातील, मग श्वास घेता येईल, आणि एखाद्या वसंत ऋतूत मला फुलांचा वास कसा असतो ते कळेल. आणि इकुए? इकुएने त्या संध्याकाळी गोड भाजलेला मासा केला होता. मी दोन तुकडे खाल्ले आणि दोन्ही वेळा मला डोळे पुसावे लागले. ती म्हणाली, "हळवं झालंय तुमचं मन."

सभेच्या दिवशी मी औषधाची मात्रा वाढवून घेतली. डोळे अगदी कोरडे हवे होते. ते झालेही, फक्त उघडे राहत नव्हते. सभागृह भरलं होतं. रखवालदाराने नियमाप्रमाणे खिडक्या उघडल्या होत्या. वाहिनीची ती मुलगी कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत, आणि इकुए बायकांमध्ये, तिच्या चांगल्या राखाडी कोटात.

"मला सांगायचंय," मी म्हटलं, "त्या दिवशी मी रडलो नव्हतो. मला परागांचा त्रास आहे. तो चित्रपट मला आवडलाही नाही. ती झाडं काढावीत असंच माझं मत होतं आणि आहे."

सभागृहात एक उसासा फिरला. निशिवाकीबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "किती संकोची माणूस! आपल्यामुळे दुसऱ्यांची अडचण नको म्हणून स्वतःचे अश्रूसुद्धा नाकारतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. नाकात मारायचा फवारा दाखवला. डोळ्यांत घालायचे थेंब दाखवले. कुराशिगेसान मान हलवत म्हणाले, "पाहा, कसा तयारीने आलाय बिचारा."

"ते माझं नाक आहे हो!" मी ओरडलो. या सभागृहात याआधी कोणी ओरडलं नव्हतं. रखवालदाराने आत डोकावून पाहिलं. "हृदय नाही, नाक! नुसतं नाक!"

टाळ्या थांबल्या. लोक जमिनीकडे बघायला लागले. आमच्याकडे माणूस ओरडला की लोक त्याच्या वतीने लाजतात आणि मग त्याने काय म्हटलं ते कोणालाच आठवत नाही. मी संपलो होतो. एवढ्यात बायकांच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

इकुए उभी होती. तिने आधी सर्वांना वाकून नमस्कार केला.

"आमच्या यांच्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, त्याबद्दल क्षमा करा. ते बोलताहेत ते खरं आहे. यांना रडू येत नाही."

"वहिनी, तुम्ही बसा," निशिवाकीबाई हळूच म्हणाल्या.

"माझे वडील गेले, त्या दिवशी यांनी आलेल्या माणसांचे सगळे बूट जोड्या लावून ठेवले. फार व्यवस्थित. त्याबद्दल सगळे नावाजत होते. मी दहनगृहातून अस्थी घेऊन बाहेर आले, तर यांनी मला विचारलं, मागे दोन छत्र्या राहिल्यात, कोणाच्या असतील." तिचा आवाज चढला नव्हता. ती किराण्याच्या दुकानात बोलते तसं बोलत होती. "त्या चित्रपटाच्या दिवशी यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं, तेव्हा मला बरं वाटलं. ते कशाचं पाणी आहे हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं." तिने पुन्हा नमस्कार केला आणि खाली बसली.

आता कोणालाही शंका उरली नाही. नवऱ्याच्या नम्रतेवर लोक विश्वास ठेवत नाहीत. पण आमच्या वसाहतीतली बायको चारचौघांत नवऱ्याबद्दल असं बोलते, तेव्हा ते खरंच असणार. निशिवाकीबाईंनी चष्मा पुसला.

"मग... झाडं तोडायला कोणाची हरकत?"

कोणी हललं नाही. आणि त्या शांततेत शिओझाकीसान शिंकले. म्हातारपणातली, पोटातून येणारी शिंक. त्यांच्या पाठोपाठ कुराशिगेसान. मग कुत्रावाल्या बाई. मग रांगाच्या रांगा. माझ्या भावनांचा मान राखून इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वसाहतीने एकदम मोकळं केलं. निशिवाकीबाई मधेच 'मंजूर' म्हणाल्या. ते कोणाला ऐकू गेलं नाही, पण सभेच्या कामकाजात तसंच लिहिलं गेलं.

मी जिंकलो होतो. घरी गेल्यावर इकुएने चहा दिला. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने रोजचाच चहा रोजच्यासारखा दिला, आणि रोजच्यासारखं जेवण वाढलं : भात, सूप, मुळ्याचं लोणचं. 'अजून घ्या' म्हणाली नाही. मी त्या छत्र्यांबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्या माझ्या चुलत मेव्हण्याच्या निघाल्या होत्या. मग वाटलं, आज नको.

मंजूर पैसा परत जाण्याच्या आत काम उरकायचं म्हणून नगरपालिकेने भर परागांच्या दिवसांत करवती आणल्या. डॉक्टर सांगतात, या दिवसांत देवदाराच्या जवळही जाऊ नका. मोगामी सांगत होता, एकतीस तारीख आहे. पुजाऱ्याने पहिल्या झाडाच्या मुळाशी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली ओतली, मीठ टाकलं, झाडाची माफी मागितली. सारी वसाहत आली होती. ज्यांना झाडं नको होती ते, म्हणजे सगळेच.

झाड कललं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग आडवं झालं. त्याच्या शेंड्यातून एवढा मोठा पिवळा ढग उठला की पलीकडची घरं दिसेनाशी झाली. तो आमच्यावर आला. मी पोहायच्या चष्म्यापासून रबरी हातमोज्यांपर्यंत सगळं चढवून उभा होतो, त्यामुळे मला काही झालं नाही. बाकीच्यांचे डोळे भरून वाहायला लागले. वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन फिरत होती. कुराशिगेसान गाल पुसत म्हणाले, "वसाहतीचा एक सदस्य गेल्यासारखं वाटतंय." शिओझाकीसान म्हणाले, "माझ्या वडिलांनी पोटच्या पोरांसारखी वाढवली हो ती झाडं." दोघांनीही मनापासून सांगितलं. हा माणूस दगड आहे, असं माझ्या कोरड्या चष्म्याकडे बघत कोणीतरी पुटपुटलं.

मग ती मुलगी इकुएसमोर येऊन थांबली.

इकुएला परागांचा त्रास कधीच नव्हता. ती माझ्या पाकिटांना हसायची. पण हा आजार कोणाला कोणत्या वर्षी गाठेल ते सांगता येत नाही. तिचं नाक लाल झालं होतं, पापण्या फुगल्या होत्या, वरचा ओठ थरथरत होता. ती शिंक गिळत होती. ते गिळणं मी लांबूनही ओळखलं असतं.

"काय वाटतंय तुम्हाला?" मुलीने विचारलं.

इकुएने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मुलीने कॅमेरा माझ्याकडे वळवला. "कुनिएदासान, या विषयात आता तुमचाच अधिकार. बाईंचे अश्रू खरे आहेत का?"

सगळी वसाहत आमच्याकडे बघत होती. चारचौघांत, चांगल्या राखाडी कोटात, इकुएही माझ्याकडे बघत होती.

"खरे आहेत," मी मास्कच्या आतून म्हटलं. "तिच्या वडिलांवर गेलीय ती. फार हळवी माणसं."

मुलगी पुढच्या झाडाकडे गेली. इकुए माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. करवत पुन्हा सुरू झाली. तिने पुढे बघता बघताच माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, चाचपून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. ती बाटली मला अजून परत मिळालेली नाही.